टोपाखालचा तास

मी केस वाळवायचा ड्रायर बोलतोय. जरा मोठ्याने बोलतोय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. हातात धरून भुर्रकन फिरवायचे ते आजकालचे ड्रायर वेगळे. मी जुन्या वळणाचा. मला टेबलावर ठेवायचं, माझी मान उंच करायची, माझा टोप डोक्यावर उतरवायचा आणि खाली मुकाट्याने बसायचं. काम झालं की मला दुमडून माझ्या चौकोनी पेटीत घालायचं.

माझ्याखाली बसलेलं माणूस तासभर जागचं हलत नाही. पंखा कानाशी असा घोंघावतो की त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. मग ते बोलतं ते ओरडूनच, आणि आपण कुजबुजतोय असं त्याला वाटत असतं. माणसांच्या ह्या चुकीवर मी पुष्कळ हसलो आहे. एकदा मात्र ती चूक एका मुलीला फार जड गेली. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म १९६६ सालचा, कारखान्यातला, रंग फिकट निळा. डेट्रॉइटच्या मिस अर्लीन गॅस्किन्सने मला विकत घेतलं (आमच्यात लेकुरवाळ्या बाईलाही आदराने 'मिस' म्हणतात). घराच्या पुढच्या खोलीत तिचं केसांचं दुकान होतं. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. तेलाचा वास, तळलेल्या मासळीचा वास आणि बायकांचं हसणं. एकदा एक बाई माझ्याखालून कुजबुजली, म्हणजे ओरडली, "पाद्रीबाबांनी उद्या प्रवचन लवकर आवरलं तर बरं, मागच्या रविवारी माझी कोंबडी करपली!" पाद्रीबाबांची बायको शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

मिस अर्लीनने सगळ्यांना दम दिला. "टोपाखाली बोललेलं ह्या उंबऱ्याबाहेर गेलं, तर पुढच्या खेपेला एकेकीचे केस हिरवे करीन." बाहेर काही गेलं नाही. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

मिस अर्लीनची थोरली मुलगी व्हर्नीस अभ्यासात हुशार निघाली. उत्तरेकडे, टेकडीवरच्या एका नावाजलेल्या कॉलेजात तिला जागा मिळाली. सगळं कॉलेज गोऱ्या मुलांचं. बाराशे विद्यार्थ्यांत आमच्या काळ्या लोकांचे नऊ. आईने मुलीला रजई दिली, बायबल दिलं आणि मला दिलं. "तिथे तुझ्या केसांना कोण हात लावणार आहे?" ती म्हणाली.

ते खरंच ठरलं. गावात केसांची तीन दुकानं होती. व्हर्नीस त्यातल्या एका दुकानात गेली. तिथल्या बाईने बोटाच्या टोकाने तिचे केस चाचपले आणि म्हणाली, "हे आम्हाला नाही गं जमायचं." बाई काही वाईट नव्हती. पण व्हर्नीस पुन्हा त्या रस्त्याने गेली नाही.

चार वर्षांनी व्हर्नीस पदवी घेऊन निघाली तेव्हा वसतिगृहात आमच्यातली एक धाकटी मुलगी होती. व्हर्नीसने मला तिच्या हवाली केलं आणि माझ्या टोपावर तिचा हात ठेवून शब्द घेतला, "पुढच्या पोरीच्या हातात दिल्याशिवाय इथून जायचं नाही." ती रीतच पडून गेली. नवी मुलगी आली की पहिल्या रविवारी तळघरातल्या हौदावर तिचं डोकं धुवायचं, रोलर लावायचे, माझ्याखाली बसवायचं आणि सांगायचं, आता हा तुझा. मग तिनेही टोपावर हात ठेवून तोच शब्द द्यायचा. अट प्रेमाची होती. मला तर तिचा फार अभिमान वाटायचा. माझ्यासाठी कुणीतरी अडून राहणार, ह्यापेक्षा एका यंत्राला आणखी काय हवं?

राहायचो मात्र चोरासारखा. खोलीत गरम होणारी यंत्रं ठेवायची नाहीत, असा वसतिगृहाचा नियम. देखरेख करणाऱ्या मिसेस प्रुइट नाकाच्या फार तिखट. केसांच्या तेलाचा जरा वास आला की, "काहीतरी जळतंय का इथे?" म्हणून दार ठोठावायच्या. म्हणून मी आठवडाभर कपाटात, जाड कोटांच्या खाली, पेटीच्या आत. पेटीला झाकण, कपाटाला कुलूप. रविवारी सकाळी सगळ्या मुली प्रार्थनेला गेल्या की मला तळघरात कपडे धुवायच्या खोलीत न्यायचं आणि दोन धुलाईयंत्रं रिकामीच चालू करायची. त्यांच्या गोंगाटात माझा आवाज लपायचा. सोळा वर्षं मी असा आठवड्यातून दीड तास जगलो.

सोळाव्या वर्षी मी डेल्फीनकडून ओलिथाकडे आलो. डेल्फीन शिकागोची, रसायनशास्त्र शिकणारी, तोंडाने फटकळ. ओलिथा तिच्याहून दोन वर्षांनी मागे, टोलीडोची. तिची आई एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करायची. पहिल्या रविवारी हौदावर दोघींची ओळख झाली ती अशी:

"मान खाली घाल. अजून खाली. एवढी ताठ मान घेऊन आलीस कुठून?"

"टोलीडोहून."

"तरीच."

ओलिथा साबणाच्या फेसात हसली. मग टोपावर हात ठेवून तिने शब्द दिला, अगदी शाळेतल्या मुलीसारखा, पाठ करून.

पहिलं वर्ष बरं गेलं. दर रविवारी ती माझ्याखालून आठवड्याची हकीकत ओरडून सांगायची. "आज इतिहासाच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर मला विचारलं, ओलिथा, गुलामगिरीबद्दल तुझं काय मत?"

"मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, वाईट होती, सर."

डेल्फीन इतकी हसली की तिच्या हातून कंगवा पडला. दुसऱ्या एका रविवारी ओलिथाने कॉलेजची नवी माहितीपुस्तिका आणली. पहिल्याच पानावर ती झाडाखाली बसून तीन गोऱ्या मुलींबरोबर खिदळत होती. त्या तिघींशी ती त्या दिवसाआधी कधी बोलली नव्हती, नंतरही नाही. तरी फोटो छान होता. आईने तो टोलीडोच्या चर्चच्या फळ्यावर लावला.

पण त्याच त्या गोष्टी दर आठवड्याला घडायला लागल्या की हसू आटत जातं. ग्रंथालयाच्या दाराशी रखवालदार रोज तिलाच थांबवायचा, "तू कुणाकडे आलीस, बाळ?" रोज तोच रखवालदार, तेच दार आणि तीच ओलिथा. खोलीतली जोडीदारीण क्रिस्टन मैत्रिणींना घेऊन यायची, "तिच्या केसांना हात लावून बघा, ती काही म्हणत नाही." ओलिथा खरंच काही म्हणत नसे. जेवणघरात ती बसली की टेबल हळूहळू तिच्या एकटीचं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिलाच विचारायचं की तू आमच्यात मिसळत का नाहीस. दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात तिने नव्या मुलीसाठी कपाटाची किल्ली माझ्या पेटीवर अडकवली आणि तिची वाट पाहिली. त्या वर्षी आमच्यातली एकही मुलगी वसतिगृहात आली नाही.

नोव्हेंबरातला एक रविवार. ओलिथा माझ्याखाली बसली होती. डेल्फीन समोर रोलर मोजून डब्यात टाकत होती. मध्येच धुलाईयंत्रं थांबली. ती थांबल्याचं ओलिथाला कळलं नाही, कारण तिच्या कानात मी होतो. आणि त्या दिवशी प्रार्थना लवकर संपली होती.

ओलिथा कुजबुजली, "डेल्फीन, मी जानेवारीत परत येत नाहीये! दक्षिणेत आपल्या लोकांचं कॉलेज आहे ना, माझी मामेबहीण शिकते ते, तिथला फॉर्म भरलाय! माझा जीव गुदमरतो गं इथे! आईला सांगू नकोस!"

डेल्फीन दोन्ही हात हलवून तिला गप्प करत होती. ओलिथाला वाटलं, ती नको म्हणतेय. म्हणून ती आणखी जोरात म्हणाली, "मला इथलं एकही माणूस आवडत नाही!"

डेल्फीनने धावत येऊन माझी वायर उपटली. तळघराच्या जिन्यावर आठ मुली रविवारच्या कपड्यांत उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे मिसेस प्रुइट.

आता मला वाटलं होतं, मुली चिडतील, मला जप्त करतील. झालं उलटंच. सगळे गोड वागायला लागले. ओलिथाच्या दाराशी केक येऊन पडायचा. दाराखालून चिठ्ठ्या यायच्या, 'आम्हाला तू फार आवडतेस.' क्रिस्टन तिच्या गळ्यात पडून रडली आणि ओलिथाला तिच्या पाठीवर थोपटत बसावं लागलं. मिसेस प्रुइट स्वतः वर आल्या आणि माझ्या पेटीवर शिक्का मारलेला कागद चिकटवला: 'वापरास खास परवानगी, फक्त ओलिथा बीसन.' म्हणाल्या, "बघ, तुझ्यासाठी नियम वाकवला."

मी मूर्ख. मला धन्य धन्य वाटलं. सोळा वर्षांनी मी कोटांखालून टेबलावर आलो होतो. परवानगीचा तो कागद ओलिथाच्या तोंडावर दाराची कडी लावत होता, हे मला दिसलंच नाही.

मग विद्यार्थ्यांचे प्रमुख, डीन हॅल्वर्सन, त्यांनी तिला बोलावून घेतलं. परत आल्यावर ती डेल्फीनला सांगत होती. "म्हणाले, तू गेलीस तर आम्ही कुठे कमी पडलो असं आम्हाला आयुष्यभर वाटत राहील. त्यांचे डोळे भरून आले होते. मग मीच म्हटलं, नाही सर, तुमचं काही चुकलं नाही."

"म्हणजे तू त्यांची समजूत काढून आलीस?"

"अजून एक आहे. त्यांनी आईला फोन केला."

आईचा फोन संध्याकाळी आला. सार्वजनिक फोन तळघरातच होता, धुलाईच्या खोलीशेजारी, आणि रविवारी रोलर काढायच्या घाईत ओलिथा मला तिथेच विसरली होती. मला तिचीच बाजू ऐकू आली. "हो, मॅम. नाही, मॅम. फोटो फळ्यावर आहे, ठाऊक आहे मला. सगळ्यांना कळवलंय, तेही ठाऊक आहे. हो, मॅम. राहते."

शेवटचा घाव डेल्फीनने घातला. ती आमच्यातलीच, म्हणून तो जास्त लागला. "आणि हा?" ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "हा कुणाला देणार तू? शब्द दिलायस ना? सोळा वर्षांत एकीनेही असा वाऱ्यावर सोडला नाही ह्याला. आणि मी मे महिन्यापर्यंत काय करू, एकटीच बसू?"

ओलिथाने फॉर्म फाडला. मी ते तुकडे पाहिले. तिने ते माझ्या पेटीच्या खिशात कोंबले.

त्यानंतरचे रविवार मला आठवायलाही नको वाटतात. ती यायची, बसायची, एक शब्द बोलायची नाही. तास संपला, केस वाळले, तरी उठायची नाही. गरम वारा तसाच तिच्या डोक्यावर. मला थांबायचं होतं, पण माझं बटण माझ्या हातात नाही. तिलाही उठायचं असेल, पण कुठे जाणार? बाहेर सगळे प्रेम घेऊन उभे होते. आम्ही दोघं एकमेकांत अडकून तापत राहिलो. डेल्फीन वर अभ्यासाला निघून जायची. त्या दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी डेल्फीन ओलिथाचा भांग पाडत होती. कंगवा मध्येच थांबला.

"हे कधीपासून आहे?"

"काय?"

"कानामागे. चाई पडलीये. कोटाच्या बटणाएवढी."

"माहीत आहे," ओलिथा म्हणाली. "उशीवर केस येतात. वरून झाकलं की दिसत नाही."

डेल्फीनने कंगवा खाली ठेवला. मग तिने समोर येऊन ओलिथाचा हात धरला आणि स्वतःच्या केसांत घातला, डाव्या बाजूला, मुळाशी. "इथे. बोट फिरव. लागलं का हाताला?"

"गुळगुळीत आहे."

"दुसऱ्या वर्षाची आहे. तेव्हापासून भांग उजवीकडे पाडते. मलाही जायचं होतं. माझ्या आधीच्या मुलीने हाच ड्रायर पुढ्यात ठेवला आणि विचारलं, हा कुणाला देणार? मी राहिले. आणि बघ, तुला मी तेच विचारलं. अगदी त्याच शब्दांत."

"मग आता?"

"आता माझा ड्रायर मला परत दे."

"असं परत घेता येतं?"

"कुणी विचारलंच नव्हतं आजवर. आण इकडे."

तिने मला उचलून आपल्या बाजूला ठेवलं. एवढंच. सोळा वर्षांची रीत मोडायला दोन हात लागले आणि कसलाही आवाज झाला नाही. मला काय वाटलं सांगू? आधी अपमान वाटला. मग ओलिथाचे खांदे खाली आलेले दिसले आणि माझी मलाच लाज वाटली.

आईला फोन डेल्फीननेच केला. "मॅम, मी डेल्फीन, ओलिथाचे केस करते ती. ... नाही मॅम, अभ्यास उत्तम आहे. ... मॅम, तिच्या डोक्यात चाई पडलीये." फोनच्या पलीकडे आईचा आवाज इतका चढला की मला थेट ऐकू आला.

"केवढी आहे?"

"कोटाच्या बटणाएवढी, मॅम."

"आणि त्या डीनने मला फोनवर अर्धा तास सांगितलं की पोरगी किती खूश आहे! पाठव तिला घरी. आधी मी तिचं डोकं बघते. चर्चवाल्यांना काय सांगायचं ते मग बघू. फळ्यावरचा फोटो मी उद्याच काढते."

शेवटची परीक्षा शुक्रवारी होती आणि बस दुपारी. निघण्याआधी डेल्फीनने तिचे केस धुतले, चाईवर हळुवार तेल लावलं, रोलर घातले. मी अर्ध्यावर असताना बाहेर गाडीचा भोंगा वाजला. स्टँडवर सोडायला जो मुलगा येणार होता तो तासभर आधीच येऊन ठेपला होता. ओलिथा तशीच उठली, ओल्या रोलरांवर रुमाल बांधला.

"अगं, माझे रोलर!" डेल्फीन म्हणाली.

"पाठवीन टपालाने!"

"राहू दे. ने."

दोघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिल्या. मग जिन्यावर पावलं वाजली, वर, आणखी वर, आणि दार लागलं.

डेल्फीनने हौद पुसला. कंगवा धुतला. मग येऊन माझ्याखाली बसली आणि बटण दाबलं. तिचे केस कोरडे होते. माझ्या आवाजात आपलं रडणं कुणाला ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं असावं. इतकी वर्षं माझ्याशेजारी काढून तीही तीच चूक करून बसली. जिन्यावर कुणीतरी थांबलं, थोडा वेळ ऐकलं आणि पाय न वाजवता परत गेलं.

जानेवारी ते मे ती एकटी होती. मध्ये ओलिथाचं पत्र आलं, आणि त्यातली चाईबद्दलची ओळ तिने मला मोठ्याने वाचून दाखवली. फेब्रुवारीत तिने कात्रीने केस कापून टाकले, अगदी बारीक, डोक्यालगत. डाव्या बाजूची जुनी चाई उघडी पडली आणि तिने ती झाकली नाही. मग माझं काम राहिलं नाही. मेमध्ये पदवी घेऊन ती गेली आणि मला कपाटात सोडून गेली. जाताना झाकणावर एकदा थाप मारली. मी तिला दोष देत नाही.

त्यानंतर मी तळघरात किती वर्षं काढली ते मला सांगता येणार नाही. मग कुणीतरी मला पुसलं, माझी वायर मुळातून कापली आणि प्रवेश कार्यालयाच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवलं. हल्ली मी तिथेच असतो. दिवा चोवीस तास माझ्या अंगावर. समोरून शाळकरी मुलं आणि त्यांचे आईबाप जातात. खाली पितळी पाटी आहे: 'ह्या कॉलेजात आपलं घर सापडलेल्या विद्यार्थिनींनी एकीने दुसरीच्या हाती सोपवत जपलेला वारसा. सप्रेम भेट: डेल्फीन रकर.'

भेट वगैरे तिने दिली नव्हती. काचपेटीच्या उद्घाटनाला तिला बोलावलं होतं, तेव्हा तिने पाटी दोनदा वाचली. केस पांढरे झालेत, अजून बारीकच आहेत. छायाचित्रकार म्हणाला, "मॅडम, काचेवर हात ठेवा आणि हसा." तिने हात ठेवला. हसली नाही.

"एखादी गोड आठवण सांगा ना," कार्यालयातली मुलगी म्हणाली.

"चार वर्षांत मी इथे एकच काम धड केलं," डेल्फीन म्हणाली. "एका मुलीला जाऊ दिलं."

त्या मुलीने वहीत काहीच लिहिलं नाही. तिला वाटलं, आठवण अजून यायची आहे.

म्हणून मी आज एवढ्या मोठ्याने बोलतोय. मला काचेतून सोडवा असं माझं म्हणणं नाही. माझी वायर गेली, बाहेर येऊन मी करणार तरी काय. पण तुमच्यापैकी कुणाचा त्या कार्यालयाशी संबंध असेल, तर पाटीवर एक ओळ वाढवून घ्या. फार जागा लागणार नाही. 'ओलिथा बीसन इथून निघून गेली, आणि तिचे केस परत आले.'